ओढून न पाहिलेले कुलूप

दुकान वाढवण्याची वेळ झाली, शटर खाली आले, दोन्ही बाजूंची कुलपे लागली, की व्यापारी एक गोष्ट न चुकता करतो. तो वाकून प्रत्येक कुलूप एकदा ओढून पाहतो. नोकराने लावले असले तरी ओढतो आणि स्वतःच्या हाताने लावले असले तरीही ओढतो. भाईंदर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांवरून रात्री चालत गेले तर हा खटका दारोदार ऐकू येतो. त्यात नोकरावरचा अविश्वास नसतो; दिवसभराच्या व्यवहारावर हाताने केलेली ती शेवटची सही असते. जैन घरांत लहानपणापासून कानावर पडणारा एक शब्द आहे, जयणा. पाणी गाळताना जयणा, शेगडी पेटवताना जयणा, चालताना पायाखाली पाहण्याची जयणा. कुलूप ओढून पाहणे ही त्याच स्वभावाची व्यापारी बाजू म्हणावी लागेल.

किल्लीभोवती या घरांनी मोठा संसार उभा केला होता. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेकडे जाणे, गल्ल्याची किल्ली पहिल्यांदा मुलाच्या हाती पडणे, गोदामाची किल्ली जुन्या मुनीमजींकडे वर्षानुवर्षे राहणे, या गोष्टींना घरात मुहूर्ताइतके वजन असे. तिजोरी बहुधा गोदरेजची. अर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपे बनवण्यास आरंभ केला आणि पुढे त्यांच्या तिजोऱ्या मुंबईच्या पेढ्यापेढ्यांतून पोहोचल्या. बँकांत तर एका किल्लीवर कोणी विसंबतच नाही. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या आणि दोन अधिकारी. दोघेही हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. लॉकरलाही एक किल्ली बँकेची, दुसरी ग्राहकाची. ही व्यवस्था गैरसोयीचीच आहे, आणि ती तशी असावी म्हणूनच केलेली आहे.

अशा घरांच्या दारात आता जी गाडी उभी असते तिला किल्ली लावावी लागत नाही. साबणाच्या लहान वडीएवढी एक काळी वस्तू खिशात किंवा पर्समध्ये असली की पुरे. दाराच्या मुठीला हात लागताच दार उघडते, आसनावर बसून ब्रेक दाबून बटण दाबले की इंजिन सुरू होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या सर्वांत महागड्या गाडीत ही सोय आली, तेव्हा ती श्रीमंतीची हौस होती. आज मध्यम किमतीच्या गाडीतही ती मिळते आणि शोरूममधला विक्रेता ती दाखवून देतो तेव्हा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्याही चेहऱ्यावर लहान मुलाचे कौतुक उमटते.

ते कौतुक खोटे नाही. सोयीची टिंगल करण्यात काही अर्थ नसतो. टिंगल करणारे बहुधा स्वतः ती वापरत असतात. जुलैच्या धारा लागलेल्या आहेत, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पूजेची पेटी, मागे सत्तरीच्या सासूबाई. अशा वेळी पर्स उघडून किल्ली शोधावी लागत नाही, याचे मोल बाईमाणसालाच कळते. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला बारीक किल्ली फिरवणे ही रोजची परीक्षा असते. अंधाऱ्या पार्किंगमध्ये एकट्या मुलीला चटकन आत बसून दार बंद करता येणे ही तर सुरक्षितताच आहे. शिवाय बहुतेक गाड्या किल्ली आत राहिली असेल तर कुलूप लावू देत नाहीत, त्यामुळे किल्ली आत आणि मालक बाहेर हा जुना फजितीचा प्रसंगही कमी झाला.

त्याऐवजी नव्या फजितीने जन्म घेतला आहे. पतिराज सकाळी श्रीमतींना भाईंदर स्थानकावर सोडतात. किल्ली श्रीमतींच्या पर्समध्ये असते. त्या लोकलमध्ये बसून अंधेरीच्या दिशेने जातात आणि गाडी मात्र सुरू असल्यामुळे निमूटपणे चालत राहते. चालत्या रस्त्यावर इंजिन अचानक बंद पडणे धोक्याचे, म्हणून किल्ली दूर गेली तरी गाडी फक्त सूचना देते, थांबत नाही. पतिराज काशिमिऱ्याला चहासाठी उतरतात, इंजिन बंद करतात, आणि मग कोणत्याही बटणाने ते सुरू होत नाही. ही हकिकत हसण्यासारखी आहे, पण तिच्यातले तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकदा सुरू झालेली गाडी किल्लीवाचून मैलोगणती जाते. मालकाच्या हातून जाते तशी चोराच्या हातूनही जाते.

या किल्लीचे काम कसे चालते हे समजून घेतले की पुढचे सारे सोपे होते. दाराच्या मुठीला हात लागला की गाडी अत्यंत कमी कंपनसंख्येच्या लहरीवर, साधारण १२५ किलोहर्ट्झवर, एक प्रश्न विचारते. ही लहर दुबळी असते, एक-दोन मीटरपलीकडे पोहोचत नाही. खिशातली किल्ली तो प्रश्न ऐकते आणि त्याचे गुप्त गणित सोडवून दुसऱ्या लहरीवर, भारतात व युरोपात बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर, उत्तर पाठवते. उत्तर प्रत्येक वेळी वेगळे असते, म्हणून ते चोरून ध्वनिमुद्रित केल्याने सहसा उपयोग होत नाही. हे गणित फोडणे चोराला सोपे नसते.

पण चोराला ते फोडावे लागत नाही. गाडी उत्तर तपासते. उत्तर देणारा किती अंतरावर उभा आहे हे ती मोजत नाही. प्रश्न दुबळा आहे, ऐकू आला म्हणजे किल्ली जवळच असणार, असे ती गृहीत धरते. चेकवरची सही नमुन्याशी तंतोतंत जुळली, मात्र सही करणारा काउंटरसमोर आहे की परगावी, हे कोणी पाहिलेच नाही, तसा हा प्रकार आहे. दोन चोर येतात. एक गाडीजवळ उभा राहतो, दुसरा घराच्या दाराशी किंवा खिडकीखाली. पहिल्याच्या हातातले यंत्र गाडीचा प्रश्न उचलून दुसऱ्याकडे पाठवते, दुसऱ्याचे यंत्र तो मोठ्या आवाजात घराच्या दिशेने पुन्हा विचारते, आणि दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते. दार उघडते, इंजिन सुरू होते. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही. झ्युरिकच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील फ्रँसियाँ, दानेव आणि चॅपकुन या तिघा संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा गाड्यांवर हा प्रयोग करून दाखवला. दहाच्या दहा गाड्या उघडल्या. किल्ली भिंतीआड असली तरी काही बिघडत नव्हते. पुढे जर्मनीतील मोटारमालकांच्या एडीएसी या संघटनेने शेकडो गाड्या तपासल्या आणि त्यांतील फार मोठ्या संख्येची तीच गत निघाली.

मीरा-भाईंदरच्या रचनेत या धोक्याची एक विशेष बाजू आहे. नव्या मनोऱ्यांत चौदाव्या-पंधराव्या मजल्यावर राहणाऱ्याची किल्ली गाडीपासून इतकी उंच असते की ती उंचीच तिचे संरक्षण करते. पण या शहराचा जुना भाग तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या इमारतींचा आहे. त्यांत पार्किंगची सोय नव्हतीच, कारण त्या बांधल्या गेल्या तेव्हा इथल्या रहिवाशाकडे लोकलचा पास असे, गाडी नसे. आज त्याच इमारतींच्या खिडक्यांखाली, गटाराला चाक लावून, पंधरा-वीस लाखांच्या गाड्या उभ्या असतात. पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात दाराशेजारी आरशाखाली जी खुंटी असते, तिथून खालची गाडी हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर आहे. खुंटी दारातून आतल्या खोलीत नेणे हा यावरचा पहिला उपाय आणि त्याला एक पैसा लागत नाही.

तथापि केवळ याच पद्धतीची धास्ती घेणे चुकीचे ठरेल. भारतात पोलिसांनी वेळोवेळी पकडलेल्या टोळ्यांकडे बहुधा वेगळे साहित्य सापडले आहे. गाडीच्या स्टिअरिंगखाली एक खोबण असते, तिला गॅरेजवाले ओबीडी पोर्ट म्हणतात. बिघाड शोधण्यासाठी मेकॅनिक आपले यंत्र तिथे जोडतो. चोर काच काढून किंवा फोडून आत शिरतो, त्याच खोबणीला टॅबलेटसारखे यंत्र लावतो आणि कोऱ्या किल्लीची ओळख गाडीला करून देतो. पेढीच्या वहीत नवे खाते उघडावे, तशी गाडीच्या स्मृतीत नवी किल्ली नोंदवली जाते. काही मिनिटांचे काम. आणखी एक प्रकार याहून साधा आहे. मालक चालता चालता मागे न पाहता रिमोटचे बटण दाबतो, त्याच क्षणी जवळपास कोणीतरी त्याच लहरीवर गोंगाट करतो, गाडीला आज्ञा ऐकूच जात नाही आणि ती उघडीच राहते. मालक तोवर मॉलच्या सरकत्या जिन्यावर पोहोचलेला असतो.

इथे तो जुना खटका आठवावा. कुलूप ओढून पाहिले असते तर कळले असते. आणि नेमकी हीच गोष्ट नव्या गाडीने अशक्य केली आहे. किल्ली खिशात ठेवून मूठ ओढली तर गाडी मालकाला ओळखते आणि दार उघडून देते! ते बंद होते की नव्हते हे कळायला मार्ग उरत नाही. तीन पिढ्यांच्या हाताची सवय एका सोयीने निकामी केली. दिवे लुकलुकले का, आरसे मिटले का, एवढेच पाहता येते, आणि त्यासाठी मागे वळून थांबावे लागते. किल्लीवाचून उघडणाऱ्या गाडीने चोराला वाट दिली, याहून तिने मालकाची ती थांबण्याची सवय नेली, ही हानी मोठी आहे. यंत्रातला दोष यंत्र बनवणारे दूर करतीलही. काही नव्या गाड्यांच्या किल्ल्यांत अतिरुंद पट्ट्याच्या लहरी वापरून उत्तराला लागलेला वेळ मोजला जातो. उत्तर फार दुरून आले तर उशीर होतो आणि गाडी नकार देते. काही किल्ल्या थोडा वेळ हलल्या नाहीत की झोपी जातात, मग त्यांना कितीही विचारले तरी त्या बोलत नाहीत. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे घेतानाच विचारावे. रंग आणि सीट कव्हर यांबद्दल जितके प्रश्न विचारले जातात, त्यांच्या चौथाईने विचारले तरी पुष्कळ.

चोरी झाल्यावरची कथा व्यापारी माणसाने अधिक लक्षपूर्वक ऐकावी, कारण तिथे प्रश्न गाडीचा न राहता पतीचा होतो. पत या अर्थाने. फुटलेली काच नाही, तोडलेले कुलूप नाही, कॅमेऱ्यात दिसते ते एवढेच की कोणीतरी आला, दार उघडून बसला आणि निघून गेला. विमा कंपनीचा तपासनीस घरी येतो आणि अतिशय सभ्यपणे विचारतो, “शेठ, दोन्ही किल्ल्या द्याल का?” मोटार विम्याच्या अटींत गाडी सुरक्षित राखण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी मालकावर असते. दोन्ही किल्ल्या हजर असणे हा त्या काळजीचा पहिला पुरावा. एक किल्ली सहा महिन्यांपूर्वी हरवली होती, ड्रायव्हर गावी घेऊन गेला तो परतलाच नाही, असे उत्तर आले की संशयाची सुई चोरावरून मालकाकडे वळते. आयुष्यभर कोणाची पै बुडवली नाही असा माणूस स्वतःच्याच चोरीला गेलेल्या गाडीचा आरोपी असल्यासारखा बसतो.

हिशेबही पाहून ठेवावा. गाडीची विमामूल्य रक्कम उत्पादकाच्या नोंदलेल्या किमतीतून ठरावीक घट धरून काढतात. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. म्हणजे २० लाखांची गाडी तिसऱ्या वर्षी गेली तर हाती येण्याजोगी रक्कम १४ लाख. नोंदणी आणि रस्ता कर यांचा खर्च त्यात नाही. मूळ बिलाएवढी भरपाई देणारे जादा कवच वेगळे घ्यावे लागते. मालकाकडून काही हयगय झाली पण ती मूलभूत स्वरूपाची नाही, असे ठरले तर दाव्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने दाखवलेला आहे. २०२३ मधल्या एका निकालात ट्रकचा चालक किल्ली गाडीतच ठेवून पत्ता विचारायला उतरला होता, तेवढ्यात ट्रक गेला. न्यायालयाने मालकाला ७५ टक्के देवविले. वरच्या उदाहरणात ते साडेदहा लाख होतात. साडेनऊ लाखांचा खड्डा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा हप्ता चोरासाठी थांबत नाही.

तक्रार मात्र त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला नोंदवावी. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे जवळच्या ठाण्यात प्रथम माहिती अहवाल मिळण्यासाठी पूर्वीसारखे दूर पाहावे लागत नाही. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो. विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवावे. गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात जो अंतिम अहवाल देतात, त्याला आपल्याकडे ‘अ समरी’ म्हणतात. गुन्हा खरा, पण छडा लागला नाही. तो कागद हाती आल्यावाचून दावा सहसा पुरा होत नाही.

लग्नसराईत घोडबंदर मार्गावरच्या आणि मीरा रोडच्या सभागृहांपुढे गाड्यांची रांग लागते आणि गणवेशातला मुलगा किल्लीसाठी हात पुढे करतो. या प्रसंगाबद्दल दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलचा खटला वाचण्याजोगा आहे. १९९८ मध्ये एका पाहुण्याने आपली मारुती झेन हॉटेलच्या माणसाकडे सोपवली. मध्यरात्रीनंतर तो बाहेर आला तेव्हा दुसऱ्याच कोणीतरी ती नेली होती. दुसऱ्या गाडीतून आलेल्या मुलांपैकी एकाने हॉटेलच्या ताब्यातल्या किल्ल्यांतून झेनची किल्ली उचलली होती. पावतीवर छापलेले होते की गाडी मालकाच्या जोखमीवर. खटला एकवीस वर्षे चालला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गाडी आणि किल्ली ताब्यात घेतली म्हणजे तो निक्षेप झाला, १८७२ च्या करार कायद्यातला. आणि स्वतःच्या हयगयीवर पावतीच्या छापील ओळीचे पांघरूण घालता येणार नाही. दोन लाख ऐंशी हजार रुपये व व्याज हॉटेलवर बसले. आपल्या पूर्वजांना हा कायदा नवा वाटला नसता. विश्वासाने ठेवलेली वस्तू नाकारणे म्हणजे न्यासापहार, आणि तो श्रावकाच्या दुसऱ्या व्रताचा अतिचार मानलेला आहे. गाडी सोपवताना पावती घ्यावी, तिचा फोटो काढावा, आणि गाडी सुरू करून देताना किल्ली आपल्याच खिशात राहिली नाही ना हे पाहावे.

जैन घराला या किल्लीने आणखी एक अडचण निर्माण केली आहे, जिचा विचार तिच्या निर्मात्यांनी जर्मनीत किंवा जपानमध्ये केला असण्याचे कारण नाही. पूजेची वस्त्रे शिवलेली नसतात. धोतर-खेसाला खिसा कुठून येणार? देवचंद नगरच्या बावन जिनालयात सकाळी पूजेला येणाऱ्या श्रावकाची गाडी बाहेर आणि किल्ली कपडे बदलण्याच्या खोलीत, खुंटीवरच्या पँटच्या खिशात. सामायिकाचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. अठ्ठेचाळीस मिनिटे बसायचे तर अग्निकायाच्या जीवांची विराधना टाळण्यासाठी मोबाइल आणि सेलवर चालणारे घड्याळही दूर ठेवण्याची प्रथा आहे. या किल्लीतही तीन व्होल्टचा एक चपटा सेल असतो आणि प्रश्न ऐकण्यासाठी तिचे कान चोवीस तास उघडे असतात. मालक मौनात, किल्ली मात्र बोलायला तयार! म्हणून ती कटासण्यापासून लांब, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली जाते. पर्युषणात त्या कट्ट्यावर दहा-बारा किल्ल्या एका रांगेत, एकसारख्या काळ्या, पहुडलेल्या दिसतात. उपाश्रयात कोण चोरणार, हा भाव सुंदर आहे. पण उपाश्रयाचे दार सर्वांना उघडे असते, हेही तितकेच खरे. पेढीवर एक कुलपाचे कपाट आणि क्रमांकाचे बिल्ले ठेवले तर मेहताजींना फारसा त्रास होणार नाही.

चोरीला गेलेल्या गाडीचे पुढे काय होते, हा विषय व्यापारी वर्गाच्या अधिक जवळचा आहे. काही गाड्या चेसिस क्रमांक बदलून दूर राज्यात विकल्या जातात, बाकीच्या सुट्या होतात. दार, दिवे, गिअरबॉक्स, संगणकाची पेटी, सारे वेगवेगळ्या वाटांनी बाजारात येते आणि कोणीतरी ते घेते. शोरूममध्ये चाळीस हजारांना मिळणारा दिवा बिलाशिवाय बारा हजारांना देऊ करणारा माणूस भेटला, की गिऱ्हाईक स्वतःला हुशार समजते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याच्या अणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत, त्यांत चोराला प्रवृत्त करणे याच्या लगोलग तदाहृतादान येते, चोराने आणलेला माल घेणे. कायद्याची भाषाही वेगळी नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. गाडी रात्री मीरा रोडवरून जाते ती कुठेतरी, कोणाच्या तरी स्वस्ताईच्या हौसेसाठीच जाते.

जुनी गाडी घेणाऱ्यानेही एवढे करावेच. नोंदणी पुस्तकावरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावा, परिवहन खात्याच्या ॲपवर कर्जाचा बोजा दिसतो का ते पाहावे, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे की या गाडीच्या स्मृतीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत. हाती दोन आल्या आणि नोंद तीनची निघाली, तर तिसरी कोणाकडे आहे? सगळ्या पुसून आपल्या दोन पुन्हा नोंदवून घेता येतात. घर विकत घेतल्यावर लॅच बदलणारे लोक गाडीच्या बाबतीत हे विसरतात.

उपायांबद्दल बाजारात पुष्कळ काही विकले जाते. स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा दिसायला गावंढळ, पण चोराचा वेळ खातो आणि चोराला वेळच नको असतो. ओबीडीच्या खोबणीला लावायचे झाकण-कुलूप मिळते. काही गाड्यांत किल्लीवाचून उघडण्याची सोय सेटिंगमधून बंद करून फक्त बटणाने उघडण्याची ठेवता येते; दुरुस्तीसाठी गाडी देताना सल्लागाराला विचारले तर तो दोन मिनिटांत सांगतो. किल्लीच्या पोटात एक लहान धातूची पात असते आणि सेल संपल्यावर दार तिनेच उघडायचे असते, हेही अनेकांना सेल संपल्यावरच कळते.

आणि किल्लीसाठी धातूच्या अस्तराची पिशवी मिळते, तीनशे-चारशे रुपयांची. धातूने पूर्ण वेढलेल्या जागेत लहरी शिरत नाहीत किंवा फार क्षीण होऊन शिरतात, एवढेच तिचे रहस्य. स्टीलच्या भांड्यांच्या गावात हे वाचून कोणाला हसू आले तर नवल नाही. भाईंदर पश्चिमेच्या एका घरात, जिथे आजोबांनी उभे आयुष्य डबे बनवण्यात घालवले, नातवाने अशी पिशवी मागवायचे ठरवले तेव्हा आजोबा म्हणाले, “अरे, चारशे रुपये कशाला? डबा आण.” नातू म्हणाला, “दादाजी, झाकण सैल असलं तर लहर आत जाते, तुम्ही स्वतः तपासून पाहा.” मग दोघे खाली उतरले. किल्ली डब्यात, डबा आजोबांच्या काखेत, आणि नातवाने मुठीला हात घातला. गाडी उघडली. दुसरा डबा आणला. तीही वेळ तीच. तिसरा डबा दादींच्या पापडांचा होता, जाड पत्र्याचा, झाकण अंगठ्याने जोर देऊन बसवावे लागणारा. या वेळी मूठ तीनदा ओढली तरी दार हलले नाही. आजोबांनी स्वतः पुढे होऊन चौथ्यांदा ओढून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. दादींचे पापड तेव्हापासून प्लास्टिकच्या बरणीत आहेत, आणि त्याबद्दल त्या अजून बोलतात.